छापून न आलेला लेख परत घेताना या चुका टाळा

लेख स्वीकारल्याचा मेल आला, मग अंकामागून अंक निघाले, लेख काही छापून येईना. वर्षभर वाट पाहून मी तो दुसरीकडे दिला आणि नेमका त्याच महिन्यात पहिल्या मासिकानेही छापला. दोन्ही संपादकांचे फोन आले, दोघेही चिडलेले. चूक माझीच होती. लेख मागे घेतोय हे मी कुणाला कळवलंच नव्हतं; उत्तर येत नाही म्हणजे नको असेल, असं धरून चाललो होतो.

'लेख माझा, मग हक्कही माझाच' हे अर्धंच खरं. बर्न करार हा कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार; त्यातल्या देशांत लिहिल्याक्षणी कॉपीराइट लेखकाचा होतो, नोंदणीची अट नसते. पण आपण काय देऊन बसलोय, ते करारात असतं. फक्त प्रथम प्रसिद्धीचा हक्क दिला असेल, तर काम सोपं. अमेरिकी कराराच्या कागदावर 'वर्क मेड फॉर हायर' (म्हणजे लेखनाचा कॉपीराइट पहिल्यापासून काम देणाऱ्याचा) हे शब्द असतील आणि खाली आपली सही, तर मागण्यासारखं फारसं उरत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याचं (१९५७) कलम १९ मात्र लेखकाच्या बाजूचं आहे: हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं, आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर हस्तांतरण संपतं. अर्थात करारात वेगळं लिहिलं नसेल तर! ती ओळ आधी शोधा. मेल त्यानंतर.

फोनवरचं 'द्या हो कुठेही' पुढे कुणाला आठवत नाही, म्हणून लेखीच कळवा. एवढं पुरतं:

"माझा अमुक लेख आपण ३ मार्चला स्वीकारला होता. तो अद्याप प्रसिद्ध झालेला नाही. ३० तारखेपर्यंत अंक निश्चित होत नसेल, तर लेख मी मागे घेत आहे. त्यानंतर तो छापू नये. पोच द्यावी."

तक्रारीचा सूर नको, याच संपादकाला पुढचा लेख पाठवायचाय. लेख नुसताच पाठवला होता, स्वीकृती आलीच नव्हती, तर मुदतही देत बसू नका, मागे घेतोय एवढंच कळवा. सर्व हक्क लिहून दिले असतील तर मात्र असं परस्पर मागे घेता येत नाही; हक्क परत केल्याचं पत्रच मागावं लागतं.

न छापल्याबद्दल किल फी मिळाली की लेख आपोआप मोकळा झाला, असं समजू नका. पैसे घेतानाच तसं एका ओळीत लिहून घ्या.

वैतागून लेख फेसबुकवर टाकणं ही सगळ्यात महागडी चूक. बहुतेक संपादक त्याला प्रसिद्ध झालेलाच मानतात आणि प्रथम प्रसिद्धीचा हक्क विकायला उरत नाही.

आणि नवीन ठिकाणी आपला मूळ खर्डा पाठवा. पहिल्या संपादकाने सुचवलेला मथळा, त्याने फिरवलेली वाक्यं, त्यांच्या चित्रकाराचं चित्र, यातलं काही आपलं नसतं. मी तर एकदा समासातल्या त्यांच्या शेऱ्यांसकट फाइल पाठवली होती.