कोरड्या चेहऱ्याची घरी काळजी: क्रीम कधी, किती आणि कसं लावायचं

तुमची क्रीमची ५० ग्रॅमची ट्यूब किती दिवस पुरते? दोन महिने, तीन महिने असं उत्तर असेल, तर चेहरा कोरडा का राहतो याचं अर्धं कारण तिथेच सापडलं. उरलेलं अर्धं तुम्ही क्रीम कधी लावता यात आहे. 'कोणतं क्रीम?' हा प्रश्न सगळे आधी विचारतात, पण तो या दोन्हींच्या नंतर येतो.

माझी त्वचा लहानपणापासून कोरडी. थंडीत हसायला गेलं की गाल ओढले जायचे, नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे सुटायचे. जो सल्ला मिळेल तो करून पाहिला. लिंबू चोळलं, साखरेने घासलं, दिवसाला चार-चार लिटर पाणी प्यायले. पाण्याने रात्रीची झोप मोडली, गाल होते तसेच राहिले. शरीरात खरोखरच पाणी कमी पडलं असेल तर जरूर प्या. एरवी जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथूनच पडतं, गालावर येऊन थांबत नाही.

कारण साधं आहे. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो आणि चेहऱ्यावर त्याची जाडी जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. या पेशींच्या मधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं यांनी बुजलेल्या असतात. हे स्निग्ध सारण धुऊन गेलं की आतलं पाणी हवेत उडायला लागतं. म्हणजे काम दोनच: सारण धुऊन जाऊ द्यायचं नाही, आणि जे पाणी आहे ते उडू द्यायचं नाही.

आधी काय बंद करायचं

लिंबू, खाण्याचा सोडा, साखरेचे किंवा बियांच्या चुऱ्याचे स्क्रब, अल्कोहोलचे टोनर. सगळं आजपासून बंद. त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा) साधारण ५ असतो. लिंबाच्या रसाचा २ च्या आसपास, सोड्याचा ८ च्या वर. एक इकडे ओढतो, दुसरा तिकडे, आणि मधल्या मधे फुटते ती कातडी. लिंबू लावून उन्हात गेलात तर त्यातल्या काही घटकांमुळे भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

पापुद्रे दिसले की घासावंसं वाटतं, मला आजही वाटतं. पण पापुद्रा एका टोकाने सुटलेला आणि दुसऱ्या टोकाने चिकटलेला असतो. तो ओढला की खालची कच्ची कातडी उघडी पडते आणि दोन दिवसांनी तिथे आधीपेक्षा मोठा पापुद्रा येतो. त्याला हात लावू नका. ओलावा टिकला की तो आपोआप गळतो.

चेहरा धुणं

कोमट पाणी घ्या. रात्री एकदा सौम्य, कमी फेस येणारा क्लेन्झर, सकाळी नुसतं पाणी. साध्या साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० असतो, म्हणून ती अंगाला ठेवा. धुतल्यावर गालावरून बोट फिरवताना करकर लागत असेल तर चेहरा स्वच्छ झाल्याची ती खूण नव्हे, गरजेपेक्षा जास्त धुतला गेलाय.

धुतल्यानंतरची दोन मिनिटं

इथे मी किमान दहा वर्षं चुकले, म्हणून इथे जरा थांबते.

माझी जुनी पद्धत बहुतेकांची असते तीच. चेहरा धुवायचा, टॉवेलने खसाखसा पुसायचा, बाहेर येऊन कपडे, केस, मोबाइल, आणि मग आठवण झाली की वाटाण्याएवढं क्रीम घेऊन गालावर चोळायचं. तोवर दहा-पंधरा मिनिटं गेलेली असतात. धुताना वरच्या थराने शोषलेलं पाणी एव्हाना उडून गेलेलं असतं. धुतल्यानंतर जो ताण जाणवतो तो या उडण्याचाच.

मग मला पेट्रोलियम जेलीचा शोध लागला. रोज रात्री कोरड्या ठणठणीत चेहऱ्यावर तिचा लेप चोपडून झोपायचे. सकाळी चेहरा वरून तुकतुकीत आणि आतून तसाच ओढलेला. उशीचा अभ्रा मात्र मऊ झाला. जेलीत पाणी नसतं, ती देणार कुठून? ती फक्त झाकण आहे, आणि मी रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवत होते.

त्यानंतर कोणीतरी ग्लिसरीन सुचवलं. बाटलीतलं घट्ट ग्लिसरीन तसंच कोरड्या चेहऱ्यावर लावून हीटरच्या खोलीत झोपले. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, तेच त्याचं काम. पण हवा कोरडी असेल आणि वर झाकण नसेल तर ते खालच्या थरातून पाणी ओढतं आणि तेही हवेत जातं. सकाळी चेहरा चिकटही होता आणि तडतडतही होता. एकाच वेळी दोन्ही होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. ग्लिसरीन उत्तम आहे, पण क्रीममध्ये मिसळलेलं आणि ओल्या त्वचेवर.

शेवटी 'ओल्या चेहऱ्यावर लावा' हा बरोबर सल्ला मिळाला, आणि मी तोही चुकीचा पाळला. पाणी निथळत असताना क्रीम लावलं. ते दुधासारखं पातळ होऊन हनुवटीवरून गळ्यावर उतरलं आणि उरलेलं टॉवेलला लागलं. 'ओला' म्हणजे किती ओला, हे कोणी सांगत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

तर असं करा. चेहरा धुवायला घेण्याआधी ट्यूबचं झाकण काढून ती नळाजवळ ठेवा. ओल्या बोटांनी झाकण फिरत नाही आणि त्या खटपटीत मिनिट जातं. धुऊन झाल्यावर हातानेच पाणी निपटून काढा. मग टॉवेल कपाळावर एकदा, दोन्ही गालांवर एकेकदा, हनुवटीवर एकदा टेकवायचा आणि उचलायचा. पुसायचं नाही, टिपायचं. दुसऱ्यांदा टेकवायचा मोह होईल, तो टाळा. भुवया आणि कपाळावरच्या केसांची कड मात्र नीट टिपून घ्या. नाहीतर तिथलं पाणी दोन मिनिटांनी ओघळून येतं आणि लावलेल्या क्रीममधून रेघ काढत खाली जातं.

आता बोटाची मागची बाजू गालाला लावा. गाल गार लागला पाहिजे, बोट दमट झालं पाहिजे, पण बोटावर थेंब दिसता कामा नये. आरशात पाहिलंत तर कातडीवर हलकी चमक असते आणि मणी कुठेच नसतात. क्षण तो हाच. साधारण एक मिनिट टिकतो, हवा कोरडी असेल तर त्याहून कमी. फोन वाजला तर वाजू द्या.

प्रमाण: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत क्रीमची एक पट्टी काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. मोठ्या माणसाच्या चेहऱ्याला आणि मानेला मिळून अशा अडीच पट्ट्या लागतात, म्हणजे सव्वा ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर अडीच ग्रॅम, आणि ५० ग्रॅमची ट्यूब बरोबर वीस दिवसांत संपते. ट्यूबवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. महिन्यानंतरही ती निम्मी भरलेली असेल तर तुम्ही वाटाणाच लावताय. म्हणून माझं ठाम मत आहे की महागडी छोटी डबी जपून वापरण्यापेक्षा स्वस्त मोठी ट्यूब सढळ हाताने वापरावी.

क्रीम आधी दोन्ही तळहातांवर पसरवा. मग तळवे गालांवर, कपाळावर, हनुवटीवर दाबून ठेवा आणि हलकेच सरकवा. गोल गोल रगडू नका. पापुद्रे असतील तर ते ज्या बाजूला झुकलेत त्याच बाजूने हात फिरवा. उलटा फिरवला की ते काटे उभे राहावेत तसे उभे राहतात आणि दिवसभर दिसतात. 'नेहमी खालून वर लावा, नाहीतर चेहरा लोंबतो' याकडे मी तरी लक्ष देत नाही. नाकपुड्यांच्या खाचा, खालच्या ओठाखालची पन्हळ, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे आणि जबड्याखालची बाजू या चार जागा हमखास राहतात आणि फुटतात त्याही आधी याच.

लावताना क्रीमच्या बारीक वळ्या निघत असतील, अंगाचा मळ निघावा तशा, तर चेहरा जास्त कोरडा झालाय किंवा आधीचा थर मुरायच्या आत तुम्ही दुसरा चढवलाय. बोटं पाण्यात बुडवा, वळ्या निघतात तिथे टेकवा आणि पुन्हा दाबा. चोळलंत तर वाढतील.

किंचित चरचरणं फुटलेल्या कातडीवर होतं, विशेषतः क्रीममध्ये युरिया किंवा लॅक्टिक ॲसिड असेल तर. काही सेकंदांत थांबलं तर ठीक. मिनिटभर आग होत राहिली किंवा लाली उतरली नाही, तर धुऊन टाका आणि ते क्रीम पायांना वापरा. चेहरा फारच फुटला असेल तर तीन-चार दिवस क्रीम बाजूला ठेवून दमट चेहऱ्यावर नुसती जेली पातळ लावा. तिच्यात चरचरण्याजोगं काही नसतं.

रात्रीचं झाकण

क्रीम लावून पाच मिनिटांनी, जिथे जास्त फुटतं तिथेच, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी पेट्रोलियम जेली तळहातावर वितळवून थापा. रॉबर्ट चेसब्रो यांनी तिचं पेटंट १८७२ साली घेतलं आणि एवढ्या वर्षांनंतरही पाणी उडू न देण्यात तिच्या तोडीचं फारसं काही नाही. मुरुमं येणाऱ्यांनी आणि गरम दमट हवेत राहणाऱ्यांनी ही पायरी सोडून द्यावी.

तेल चालेल का, असं हमखास विचारलं जातं. तेलही झाकणच, जेलीपेक्षा पातळ. ऑलिव्ह तेल चेहऱ्याला मी लावणार नाही. त्यातलं ओलेइक आम्ल पेशींमधलं सारणच सैल करतं. खोबरेल काहींना सोसतं, काहींची रंध्रं बुजवतं. लावायचंच असेल तर सूर्यफुलाचं बरं.

क्रीम कोणतं

आता तो प्रश्न. घटकांच्या यादीत ग्लिसरीन सुरुवातीच्या चार-पाच नावांत हवं. सिरॅमाइड, डायमेथिकोन (एक सिलिकोन) किंवा पेट्रोलॅटम (म्हणजे पेट्रोलियम जेलीच) यांतलं काहीतरी सोबत हवं. युरिया असेल तर चेहऱ्यासाठी ५ टक्क्यांच्या आसपास पुरे, त्याहून जास्त टाचांसाठी ठेवा. सुगंध नको. 'नैसर्गिक' सुगंधही नको, अर्कांनी आणि अत्तरी तेलांनीही कातडी तितकीच चिडते. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा असं आठवडाभर लावून बघा.

सकाळी क्रीम मुरलं की वर सनस्क्रीन.

दुपारी चेहरा ओढायला लागला की पाण्याचा फवारा मारून तसंच बसणारे पुष्कळ असतात. ते पाणी पाच मिनिटांत उडतं आणि चेहरा आधीपेक्षा जास्त ओढतो. फवारा मारायचा तर लगेच वर थोडं क्रीम दाबा, नाहीतर मारू नका. ओठांना जीभ लावण्याचंही तसंच. मेंथॉल किंवा कापूर असलेले बामही टाळा. गार वाटतं म्हणून माणूस ते पुन्हा पुन्हा लावतो आणि ओठ सोलपटत राहतात.

फरक केव्हा दिसेल

ताण दोन-तीन दिवसांत कमी होतो. वरचा थर नवा यायला साधारण महिना लागतो, वय वाढलं की त्याहून जास्त. त्यामुळे आठव्या दिवशी क्रीम बदलू नका. मुरुमांसाठी रेटिनॉइड किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर कोरडेपणा त्यानेही येतो. ज्यांनी ते लिहून दिलं त्यांना विचारून एक दिवसाआड करता येईल का बघा.

कोरडेपणा नसतोच तेव्हा

भुवयांत, नाकाच्या खाचांत आणि कानांमागे पिवळसर, तेलकट पापुद्रे आणि खाली लाली असेल तर तो बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस असतो, कोंड्याचाच चेहऱ्यावरचा भाऊ. त्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते, ती स्निग्ध पदार्थांवर वाढते, आणि आपण कोरडं समजून तिला तेल पाजत राहतो. त्यासाठी डॉक्टर बुरशीविरोधी मलम देतात. सगळं अंगच कोरडं, सोबत थकवा, केस गळणं आणि थंडी सहन न होणं असेल तर थायरॉइड तपासून घ्या.

आणि घरात पडलेली खाजेची जुनी ट्यूब चेहऱ्याला लावू नका. अशा ट्यूबमध्ये बरेचदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत चेहरा इतका गुळगुळीत होतो की माणूस सगळ्यांना तिचं नाव सांगत सुटतो. काही आठवड्यांत कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, तोंडाभोवती पुळ्या उठतात आणि ट्यूब थांबवली की सगळं दुपटीने उसळतं. माझ्या धाकट्या बहिणीला त्यातून बाहेर यायला वर्ष लागलं. तुमच्याही हातून हे झालं असेल आणि बरेच दिवस चाललं असेल, तर ट्यूब मनाने एकदम बंद न करता ती घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्यांना आधी तिच्यावरचं औषधाचं नाव वाचायचं असतं.