किशोरवयीन मुलं आणि फॅमिलीसाठी काउन्सेलिंग सुरू करताय? माझा लातूरचा अनुभव

एम.ए. सायकॉलॉजी झालेल्या बऱ्याच मुली मला विचारतात की ताई, आता स्वतःचं काउन्सेलिंग सुरू करायचंय, टीनएजर्स, कॉलेजची मुलं, फॅमिली यांच्यासोबत काम करायचंय, तर सुरुवात कुठून करू. बहुतेकींच्या डोक्यात जागा, बोर्ड, फी, इन्स्टाचं पेज असं सगळं असतं. ते हळूहळू जमतं हो. त्याच्या आधी एक गोष्ट पक्की करा, आईवडील मुलाला घेऊन समोर बसले की त्या खोलीत तुमचा क्लायंट कोण आहे?

मला हे कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. सुरुवातीच्या दिवसातली केस, तपशील बदलून सांगते. नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी करणारा मुलगा, परीक्षा पुन्हा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला, हॉस्टेलवर राहायचा. दुसऱ्या सेशनला त्याने सांगितलं की मी दोन महिन्यांपासून टेस्ट देतच नाहीये, घरी मार्क खोटे सांगतोय. संध्याकाळी आईचा फोन आला, मॅडम काय म्हणाला तो, आणि ती माऊली इतकी घाबरलेली होती की मी तिला धीर द्यायच्या नादात सांगून टाकलं, की तो टेस्ट चुकवतोय पण काळजी करू नका, आपण बघू. रात्रीच वडिलांनी त्याला फोनवर झापलं. तो परत आला नाही. माझा हेतू चांगला होता पण त्याने भरवसा ठेवून जे सांगितलं ते माझ्याकडून बाहेर गेलं, हे मला अजून लागतं.

तेव्हापासून पहिल्या भेटीतली पहिली पंधरा मिनिटं मी सगळ्यांना एकत्र बसवते आणि मुलासमोरच आईवडिलांना सांगते, की हा माझ्याशी जे बोलेल ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्हाला काही कळायला हवं असं वाटलं तर आधी त्याच्याशी बोलेन आणि मग आम्ही दोघं मिळून तुम्हाला सांगू. लगेच मुलाकडे बघून सांगते की तीन गोष्टी मात्र माझ्यापाशी राहणार नाहीत, तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा तुझ्यावर कुणी लैंगिक अत्याचार करत असेल. हे सगळं साध्या मराठीत एका कागदावर लिहून ठेवलंय, त्यावर पालकांची सही घेते आणि मुलाचीही घेते. १८ च्या खालच्या मुलाची सही कायद्याने पुरेशी नाही, पालकांची लागतेच, पण त्याच्या हातात पेन दिलं की तो खुर्चीत जरा सरळ बसतो, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

१८ पूर्ण झालेल्यांचं वेगळंच असतं. रिपीटर मुलं बरीचशी सज्ञान असतात, म्हणजे संमती त्यांची हवी आणि माहितीवर हक्कही त्यांचाच, पण ट्यूशनची फी, मेस, रूमभाडं, तुमची फी सगळं वडील भरतात आणि मग त्यांना वाटतं की आपल्याला रिपोर्ट मिळायला हवा. इथे गोड बोलून पण स्पष्ट नाही म्हणायला शिकावं लागतं.

कायद्याचं थोडं वाचून ठेवाच. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा. १८ खालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. आणि २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, त्यातलं कलम ११५ तर पालकांना समजावून सांगता आलं पाहिजे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा करायची नाही असं त्याचं म्हणणं आहे. आमच्याकडे अजूनही घरचे पोलीस केस होईल या भीतीने प्रयत्न लपवतात आणि त्या लपवण्यात उपचाराचे दिवस वाया जातात.

आत्महत्येबद्दल विचारायला नवीन काउन्सेलर घाबरतात, विचारलं तर डोक्यात विचार घालू असं वाटतं. असं होत नाही. मी सरळ विचारते, मरून जावंसं वाटतं का, कसं करायचं ते ठरवलंयस का, आणि विचारल्यावर मुलं बहुतेक वेळा सुटल्यासारखी बोलतात. उत्तर हो असेल तर त्याला सांगून त्याच दिवशी घरच्यांना बोलावते, सायकियाट्रिस्टकडे पाठवते, एकटं सोडू नका म्हणते, आणि शेतकरी घर असेल तर फवारणीची औषधं कुलपात ठेवायला लावते, चावी मोठ्या माणसाकडे. हे शेवटचं पुस्तकात दोन ओळीत असेल पण मराठवाड्यात ते सगळ्यात आधी करायचं काम आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करून देते, रात्री दोन वाजता मी फोन उचलेनच असं नाही पण तिथे कुणीतरी उचलतं.

फॅमिली सेशनमध्ये सगळ्यांना तुमच्याकडून निकाल हवा असतो, कोण चुकलं ते सांगा. तो द्यायचा नाही. मी मोठा कागद घेऊन घरातली माणसं काढायला लावते, आजीआजोबांपासून, कोण कुणाशी बोलत नाही, कुणी शिक्षण सोडलं, कुणाचं दारूचं आहे, याला जेनोग्राम म्हणतात. एका वडिलांनी ते काढता काढता सांगितलं की मला बारावीनंतर शिकायचं होतं, जमीन विकावी लागली असती म्हणून राहिलं. मुलगी शेजारी बसून पहिल्यांदा ऐकत होती. त्या दिवशी मी फारसं काही बोललेच नाही.

डिग्रीचं थोडक्यात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, तिच्या मान्यतेचा कोर्स आणि तिथली नोंदणी लागते, नुसत्या एम.ए. वर ते नाव बोर्डावर लावू नका. औषधं फक्त डॉक्टर देतात. फॅमिलीचं काम आवडत असेल तर फॅमिली थेरपीचं वेगळं शिक्षण घ्या. आरईबीटी नक्की शिका, चुकीचे विचार तपासून भावना सावरायला शिकवणारी अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली आणि त्यावर मराठीत वाचायला मिळतं, म्हणजे क्लायंटशी बोलायचे शब्दही आयते मराठीत सापडतात. ठाण्याची मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आयपीएच, पुण्याची ज्ञानप्रबोधिनी इथे लोक कसं काम करतात ते जमलं तर जाऊन बघा.

आणि सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या केसेस अनुभवी काउन्सेलरसमोर मांडून शिकणं. मी पहिलं वर्षभर कमाईतला मोठा हिस्सा एका सीनियर मॅडमच्या ऑनलाइन सुपरव्हिजनवर घालवला, घरच्यांना ते पटत नव्हतं कारण कमाईच मुळात महिन्याला दोन शाळांच्या मानधनाएवढी होती. पण वर सांगितलेली ती केस मी त्यांच्यासमोर मांडली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की फोनवर धीर कुणाला हवा होता, आईला की तुला? त्या प्रश्नाने माझं काम बदललं. त्यामुळे सुपरव्हायझर मिळेपर्यंत अवघड केस घेऊ नका, रेफर करा, रेफर करण्यात कमीपणा काही नाही.

फीचं म्हणाल तर पहिल्या फोनवरच सांगा, किती आणि किती वेळाचे, नंतर सांगितलं की दोघांनाही अवघडतं. मी काही जागा कमी फीच्या ठेवते, हॉस्टेलच्या मुलांसाठी.

वडील येत नाहीत ही तक्रार तुम्हीही करणार आहात. आई आणते, वडील गाडीत बसून राहतात. मी आधी समजायचे की त्यांना पर्वा नाही. मग एकदा खाली जाऊन विचारलं तर ते म्हणाले, वर येऊन काय बोलायचं तेच कळत नाही मॅडम. आता मी आईकडे निरोप देत नाही, वडिलांना स्वतः फोन करते, तुमच्याकडून मला मुलाबद्दल माहिती हवीय, अर्धा तास द्या म्हणते. बीड, नांदेड, धाराशिवकडून येणाऱ्यांना कामाचा दिवस मोडता येत नाही म्हणून रविवार सकाळचे दोन स्लॉट मी वडिलांसाठीच ठेवलेत आणि ते दोन्ही आता बहुतेक वेळा भरलेले असतात.