बंद केलेली लाइन खरंच बंद आहे ना?

वायरिंगच्या कामात मला बावीस वर्षं झाली. हाताखाली नवीन पोरगा आला की मी त्याला आधी लाइन तपासायला शिकवतो, पक्कड नंतर. कारण शॉक बसलेल्या माणसाच्या तोंडून मी एकच वाक्य कितीदा तरी ऐकलंय, "अहो, पण बटण बंद होतं!"

माझ्या जोडीदाराचंही बटण बंदच होतं. तो बल्बचा होल्डर बदलत होता. आधी कुणीतरी ते बटण फेजऐवजी, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेऐवजी, न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, जोडून ठेवलेलं. दिवा विझलेला, पण होल्डरमध्ये फेज तशीच. झटक्यानं तो स्टुलावरून खाली आला आणि मनगट मोडलं.

म्हणून बटणावर भागवू नका. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. कुलपाची सोय नसेल तर फ्यूज काढून खिशात घाला आणि 'काम चालू आहे' अशी पाटी लावा. इन्व्हर्टर किंवा जनरेटर असेल तर तोही तोडा. मेन गेली तरी तिकडून सप्लाय येतो.

आता तपासणी. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावा, आकडा दिसला पाहिजे. मग कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या बघा. त्यानंतर परत चालू पॉइंटवर या. हे शेवटचं पोरं हटकून टाळतात. पण मधेच मीटरची लीड तुटली असेल, तर चालू लाइनवरही तो शून्यच दाखवणार. पेचकसाच्या टेस्टरवर तर विसंबूच नका. भर उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, कोरड्या लाकडी घोड्यावर उभे असाल तर पेटेलच असंही नाही.

एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ती तारा जळू नयेत म्हणून असते. १६ अँपिअरच्या एमसीबीला तुमच्या अंगातून जाणारा करंट कळतसुद्धा नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की सप्लाय तोडणारा स्विच, हवी. म्हणजे १६ अँपिअरचा पाचशेवा हिस्साही नाही, एवढ्यावर ती पडते. तिचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आली, तर तीही वाचवत नाही.

कुणी चिकटलाच तर त्याला हात लावू नका, आधी सप्लाय तोडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं त्याला बाजूला ढकला. हे फक्त घरगुती दाबाच्या लाइनवर. हाय टेन्शन असेल तर जवळही जाऊ नका, वीज कंपनीला कळवा. सुटल्यावर श्वास नसेल तर लगेच छाती दाबायला लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्याला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. उठून बसला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.