शांतवणारे पियानोसंगीत कसे रचावे आणि त्यातून कारकीर्द कशी उभी करावी

पियानोचा स्वर वाजल्या क्षणापासून विझू लागतो. व्हायोलिनवादक गजाने आणि गायक श्वासाने स्वर धरून ठेवतो. पियानोवादकाला मात्र हातोडी तारेवर पडल्यानंतर त्या स्वरात भर घालता येत नाही, पट्टी दाबून किंवा पेडल धरून केवळ त्याचे विझणे लांबवता येते. मनाला विसावा देणारे संगीत रचू इच्छिणाऱ्याने याला वाद्याची उणीव समजू नये. विझत जाणाऱ्या स्वराच्या मागे ऐकणाऱ्याचे लक्ष आपोआप जाते आणि त्या जाण्यातच त्याची धावपळ थोडी मंदावते, असे माझे मत आहे. म्हणून रचनेचा अभ्यास इथूनच सुरू करावा. रोज दहा मिनिटे एकेक स्वर वाजवून तो पूर्ण विरेपर्यंत पट्टी सोडू नये. खर्जातला स्वर बराच काळ रेंगाळतो, तर सर्वांत वरच्या सप्तकातला काही क्षणांतच संपतो. ८८ पट्ट्यांपैकी कोणत्या पट्टीला किती आयुष्य आहे हे कानाला ठाऊक झाले, की दोन स्वरांमध्ये किती जागा सोडावी हे मोजावे लागत नाही.

ही मोकळी जागा केवळ सौंदर्यासाठी नसते. संशोधक लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना वेगवेगळ्या प्रकारचे संगीत ऐकवताना मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती. त्या शांततेत हृदयाची गती आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वीच्या पातळीपेक्षाही खाली आले. प्रयोग लहान होता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करू नयेत. पण रचनाकाराला त्यातून एक नेमकी दिशा मिळते. विराम हाही रचनेचाच भाग आहे आणि तोही स्वरांइतक्याच काळजीने लिहायला हवा.

लयीचा विचार श्वासावरून करावा. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो, तर संथ श्वसनाच्या अभ्यासात ही संख्या सहाच्या आसपास आणली जाते. मिनिटाला ६० ठोक्यांची लय धरली, तर अशा एका श्वासाला दहा ठोके मिळतात: चार ठोक्यांत चढणारी आणि सहा ठोक्यांत उतरणारी सुरावट लिहावी, म्हणजे उच्छ्वासाला श्वासापेक्षा जास्त अवकाश राहील. मात्र पहिल्या स्वरापासून इतकी विलंबित लय ठेवणे बहुधा चुकते, कारण अस्वस्थ माणसाला ती परकी वाटते. संगीतोपचारात यासाठी एक जुने तत्त्व आहे, ज्याची मांडणी १९४० च्या दशकात अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी केली: आधी ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीशी जुळणारे संगीत द्यावे आणि मग त्याला हळूहळू हव्या त्या अवस्थेकडे न्यावे. त्यामुळे रचना ७६ किंवा ८० ठोक्यांवर सुरू करून सात-आठ मिनिटांत, कोणाच्या लक्षातही येणार नाही अशा बेताने, ६० पर्यंत आणावी. हे साधणे कठीण आहे आणि त्यावर महिनोन्‌महिने खर्च झाले तरी ते वाया जात नाहीत.

स्वरयोजनेत डाव्या हाताकडे विशेष लक्ष द्यावे. खर्जात षड्जाला लागूनच गंधार ठेवला तर नाद गढूळ होतो. तोच गंधार एक सप्तक वर नेला किंवा खाली केवळ षड्ज-पंचम ठेवले तर तो मोकळा राहतो. मुख्य सुरावट मधल्या दोन सप्तकांत, मानवी आवाजाच्या टप्प्यात असावी. पुनरावृत्ती हवी, पण प्रत्येक वेळी एखादा स्वर बदलावा, नाहीतर विसाव्याऐवजी कंटाळा येतो. अचानक मोठा होणारा नाद आणि अनपेक्षित उंच स्वर टाळावेत.

वाद्याची ओळखही करून घ्यावी. ग्रँड पियानोत डावे पेडल दाबले की हातोड्या किंचित सरकतात आणि बहुतेक स्वरांच्या तीनऐवजी दोन तारांवर पडतात, त्यामुळे नादाचा रंगच बदलतो. उभ्या पियानोत हेच पेडल हातोड्यांना तारांच्या जवळ आणते, म्हणून आवाज केवळ लहान होतो. काही उभ्या पियानोंत मधले पेडल हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची पट्टी उतरवते. ध्वनिमुद्रणात त्या दबलेल्या नादाला फार सुंदर जवळीक येते.

आता एका मोहाविषयी. ४४० हर्ट्झऐवजी ४३२ हर्ट्झवर वाद्य लावले की ते शरीराला बरे करते, असा दावा वारंवार केला जातो. वाद्ये ज्याच्याशी जुळवून लावतात तो प्रमाण स्वर (मधल्या सप्तकातला ‘ए’, ज्याची सेकंदाला होणारी कंपने हर्ट्झमध्ये मोजतात) इतिहासात अनेकदा बदलला आहे. फ्रान्सने १८५९ मध्ये तो ४३५ ठरवला होता आणि ४४० हे आंतरराष्ट्रीय मानक विसाव्या शतकातले आहे. यांपैकी कोणत्याही एका आकड्यात रोग बरा करण्याची शक्ती असल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि आजारी माणसासमोर असा दावा करणे मला अन्यायाचे वाटते. जे म्हणता येते तेही कमी मोलाचे नाही: शस्त्रक्रियेपूर्वी संगीत ऐकल्याने रुग्णांची चिंता कमी होऊ शकते, असा निष्कर्ष वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ मधील आढाव्यात २६ चाचण्यांच्या आधारे काढण्यात आला. आपल्या संगीताची ओळख करून देताना ‘शांतवणारे’, ‘विसावा देणारे’ हे शब्द वापरावेत. ‘औषध’ हा शब्द वापरू नये. संगीतोपचारक ही तर स्वतंत्र, प्रशिक्षित व्यक्ती असते. अमेरिकेत त्या शिक्षणात किमान १,२०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते आणि ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय ते नाव लावताच येत नाही. रुग्णांसोबत नियमित काम करायचे असेल, तर अशा व्यक्तीबरोबर करावे.

व्यवसायाच्या बाबतीत दोन गोष्टी आरंभीच नीट कराव्यात. बहुतेक देशांत रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगवेगळे असतात. करारावर सही करताना आपण यांपैकी काय आणि किती काळासाठी देत आहोत हे वाचावे. दुसरे म्हणजे, केवळ ऑनलाइन ऐकण्यातून मिळणाऱ्या मानधनावर विसंबू नये; स्वरलिपीची विक्री, शिकवणे, चित्रपट व ध्यानवर्गांसाठीची मागणीनुसार रचना आणि प्रत्यक्ष वादन यांची जोड द्यावी.

या वाटेवर स्वतःचे आजारपणही येऊ शकते. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट यांनी दीर्घकालीन थकव्याच्या आजारातून सावरताना घरीच साध्या, संथ सुरावटी ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पियानोवादक जॉर्ज विन्स्टन यांनी अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर रुग्णालयातल्याच पियानोवर नव्या रचना बांधल्या. दोघांच्याही उदाहरणात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की शक्ती कमी असताना त्यांनी वादन थांबवले नाही, तर त्या शक्तीला झेपेल असे केले. हात थकले असतील त्या दिवशी आपणही एकाच सुरावटीवर थांबावे.

रुग्णालयात वाजवण्याची संधी मिळाली, तर आधी परिचारिकांना वेळ विचारावी, वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नये आणि कोणत्याही क्षणी थांबण्याची तयारी ठेवावी, कारण एखादी कोमल सुरावटही कुणाला असह्य आठवणीपाशी नेऊ शकते. शेवटचा स्वर वाजल्यावर पेडल लगेच सोडू नये. तो स्वर खोलीत पूर्ण विरू द्यावा, मग पाय उचलावा, आणि कोणी बोलेपर्यंत आपण बोलू नये.