बँकेचं व्हॅल्युएशन कमी आलं तर काय कराल?

पुण्यात माणिकबागेतला रीसेलचा टू बीएचके आम्ही 80 लाखांना ठरवला, 2 लाख टोकन दिलं, आणि दहाव्या दिवशी बँकेतून फोन आला: व्हॅल्युएशन, म्हणजे बँकेने स्वतः काढलेली घराची किंमत, 71 लाख. ठरलेली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतला जो आकडा लहान, त्यावरच कर्ज बसतं. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्याच्या जास्तीत जास्त 80 टक्के. आम्ही 64 लाख धरून चाललो होतो, ते 56 लाख 80 हजारांवर आले.

यांनी त्याच रात्री पर्सनल लोनचा विषय काढला. मी ठाम नको म्हटलं. त्याचं व्याज जास्त, शिवाय त्याचा हप्ता गृहकर्जाच्या पात्रतेतूनच वजा होतो.

आधी आकडा कमी का आला ते विचारा. बँक रिपोर्टची प्रत देईलच असं नाही, पण क्षेत्रफळ किती धरलं, इमारतीचं वय किती धरलं, एवढं अधिकारी सांगतात. आमच्या रिपोर्टात दोन गोष्टी निघाल्या. बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी मोजलीच नव्हती. ते बरोबरच होतं, मंजूर नकाशात ती बाल्कनीच आहे; तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता. इमारत मात्र 1996 ची लिहिली होती, आणि भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, 2004 चं! आठ वर्षं उगाच वाढवलेली.

मग कागद जमवा. आम्ही सोसायटीतून भोगवटा पत्राची प्रत आणली. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच सोसायटीतले अलीकडचे दोन व्यवहार शोधून त्यांचे इंडेक्स टू, म्हणजे किंमत लिहिलेले नोंदणीचे उतारे, काढले. दलालाने सांगितलेल्या भावाला बँक विचारत नाही, नोंदलेल्या व्यवहाराला विचारते. हे सगळं जोडून फेरमूल्यांकनाचा लेखी अर्ज दिला. आकडा 75 लाख झाला.

उरलेल्या फरकासाठी विकणाऱ्या काकांकडे गेलो. घासाघीस केली नाही, बँकेचा आकडा पुढे ठेवला. दुसरं गिऱ्हाईक आलं तरी त्याची बँकही असंच मोजणार, हे त्यांनाही कळत होतं. ते 77 लाखांवर आले. कर्ज 60 लाख, आमच्या पदरचे 16 ऐवजी 17. किंमत उतरल्याने 7 टक्क्यांच्या मुद्रांक शुल्कात 21 हजार वाचले, तेही त्यातच घातले. शुल्काला बँक कर्ज देत नाही, ती रक्कम पहिल्यापासून वेगळी ठेवा.

काका अडून बसले असते तर आमचं टोकन अडकलं असतं, कारण पावतीवर फक्त रक्कम आणि तारीख होती. तुम्ही इसार पावती, म्हणजे टोकनची लेखी पावती, कराल तेव्हा त्यात हे वाक्य घालून घ्या: ‘बँकेचे मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा कमी आल्यास खरेदीदारास व्यवहार रद्द करता येईल व इसाराची पूर्ण रक्कम 15 दिवसांत परत मिळेल.’ खाली दोघांच्या सह्या घ्या आणि पैसे चेकनेच द्या.