सायकलच्या फ्रेमला कोटिंग करताय? मग या चुका टाळा

मे महिन्यात हौसेने रंगवलेली सायकल आणि पावसाळा संपता संपता खालच्या पाईपवर रंगाचे फुगे, नखाने खरवडलं की आत तांबूस पूड, हे मुंबईत आणि कोकणात दर वर्षी बघायला मिळतं. मग रंगाच्या कंपनीला शिव्या बसतात. खरं तर बऱ्याचदा डब्यातला रंग चांगलाच असतो, त्याच्या खाली जे राहून गेलेलं असतं ते नडतं.

आधी फ्रेम कशाची आहे ते बघा. लोहचुंबक चिकटलं तर स्टील. स्टीलला रेड ऑक्साईड किंवा इपॉक्सी प्रायमर चालतो, पण ॲल्युमिनियमवर तोच रेड ऑक्साईड मारला तर रंग पापुद्र्याने सुटतो, तिथे एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला हलकं कोरून पकड घेणारा प्रायमर, लागतो. कार्बन असेल तर पेंट रिमूव्हर अजिबात लावू नका, तो कार्बनचे धागे धरून ठेवणारं रेझिन खातो, आणि पावडर कोटिंगचा विचारही करू नका कारण ती भट्टी १८० ते २०० डिग्रीची असते.

आता सगळ्यात कॉमन चूक, ती म्हणजे रॉकेल. सायकल साफ करायची म्हणजे रॉकेलचा बोळा फिरवायचा ही आपल्याकडची जुनी सवय, चेनसाठी ठीक आहे, पण रंगाआधी फ्रेमवर फिरवलात तर तेलकट थर मागे राहतो आणि स्प्रे मारल्या मारल्या रंग जागोजागी आकसून बारीक गोल खड्डे पडतात, पेंटर त्याला फिश आय म्हणतात. सिलिकॉनवाल्या पॉलिशनेही हेच होतं. आणि क्रम चुकवू नका, आधी तेल काढायचं मग पॉलिश पेपर, उलटं केलंत तर तेल ओरखड्यांमध्ये घासलं जातं आणि मग निघता निघत नाही. भांड्याच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन फडक्यांनी पुसा, एकाने लावायचं आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्याने टिपून घ्यायचं. एकाच फडक्याने तेल नुसतं इकडचं तिकडे होतं. त्यानंतर उघडा हात लावू नका. फिश आय आलेच असतील तर वर आणखी रंग ओतून ते भरत नाहीत, वाळू द्या, ४०० नंबरच्या पेपरने सपाट करा, परत पुसा आणि पहिला हात अगदी हलका मारा.

गंज काढून फ्रेम उघडी ठेवून झोपायला जाऊ नका प्लीज, दमट हवेत काही तासांत पिवळसर गंज परत धरतो. घासली त्याच दिवशी प्रायमर. आणि भर पावसाळ्यात स्प्रे मारूच नका, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प बसतं आणि क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, दुधाळ होतो. हलका दुधाळपणा कोरड्या हवेत कधीकधी जातो, नाही गेला तर घासून परत मारायचा. दिवाळी ते होळी हा बेस्ट काळ, सकाळचं दव उडाल्यावर. एप्रिलच्या उन्हात तापलेल्या गच्चीवरही नको, रंग फ्रेमवर पोचायच्या आधीच सुकतो आणि खरखरीत बसतो.

डबा २०-२५ सेंटीमीटरवर धरा, एका जाड हातापेक्षा तीन-चार पातळ हात द्या, नाहीतर ओघळ येतात. अर्धवट वाळलेल्या एनॅमलवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारला की खालचा रंग सायीसारखा सुरकुततो, याला घासून परत सुरुवात करण्याशिवाय उपाय नाही, म्हणून प्रायमर, रंग आणि क्लिअर एकाच सिस्टीमचे घ्या आणि दोन हातांमधला वेळ डब्यावर लिहिलाय तोच पाळा. हार्डनरवाला टू-के क्लिअर घरात मारू नका, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना खरंच घातक आहे आणि कापडी मास्कने ते अडत नाही. ते काम गाडीच्या पेंट बूथवाल्याकडून करून घ्या.

मास्किंग टेप लावताना बॉटम ब्रॅकेटचे (पेडलचा आस बसतो ती जागा) आटे, हेडसेटच्या (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या) वाट्या आणि चाकाचा नट जिथे टेकतो ती जागा झाका, तिथे रंगाचा जाड थर राहिला तर तो दबतो आणि नट ढिला पडतो. बॉटम ब्रॅकेटखाली बारीक भोक असेल तर ते पाणी निघायला दिलेलं असतं, ते पुट्टीने बुजवलेलं बघितलं की फार वाईट वाटतं.

कारण स्टीलची फ्रेम बहुतेकदा आतून मरते! सीटपोस्टच्या (सीटच्या दांड्याच्या) फटीतून, बाटलीच्या स्क्रूमधून पाणी आत जातं, खाली बॉटम ब्रॅकेटपाशी साचतं आणि बाहेर चकाचक दिसणारा पाईप आतून पातळ होत जातो. म्हणून रंग पूर्ण वाळल्यावर सीटपोस्ट आणि बॉटम ब्रॅकेट काढा आणि आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात मारायचं गंजरोधक मेण) किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, उरलेलं गाळून काढा, एक-दोन दिवस वाळू द्या. रंगाच्या आधी हे करू नका, तेल झिरपून सगळी मेहनत वाया जाते. आणि त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा. ॲल्युमिनियमची सीटपोस्ट परत घालताना ग्रीस लावा, नाहीतर ती स्टीलमध्ये कायमची अडकते.

पावडर कोटिंग बाहेरून करून घेणार असाल तर आधी गंज ब्लास्टिंगने (जोरात कण मारून) काढणार का, फॉस्फेटिंग (पावडरला पकड देणारी रासायनिक प्रक्रिया) करणार का, हे स्पष्ट विचारा. गंजावरच पावडर मारली की दिसायला मस्त, टिकायला शून्य.

सिरॅमिक कोटिंगने चिखल लवकर निघतो, खडे लागून उडणारे टवके अडत नाहीत, त्याला पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) लागते. नव्या एनॅमलवर सिरॅमिकसाठी तीन-चार आठवडे थांबा. मॅट फ्रेमला वॅक्स घासू नका, चकचकीत डाग पडतात. डिस्क ब्रेकच्या चकतीवर यातलं काहीही उडालं तर ब्रेक नीट लागत नाही, म्हणून चाकं काढूनच काम करा. केबल जिथे हेड ट्यूबला (हँडलखालच्या पाईपला) घासते तिथे जोडणीच्या वेळीच पारदर्शक टेप लावा, आणि पहिला टवका दिसला की त्याच आठवड्यात टच-अप करा.