शिकागोला निघालेल्या झाडीपट्टीतल्या पोरांसाठी

दरवर्षी डिसेंबरात मी शिकागोहून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या गावी येतो. धान घरात आलेलं असतं, मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, आणि नाटकांचे दिवस असतात. यंदा तिघं भेटायला आली, दोन पोरं आणि एक पोरगी. तिघंही इंजिनीअर, तिघांची तिकिटं निघालेली. कुकर किती लिटरचा न्यावा, असं विचारत होती. बाबू, कुकर तिथं मिळतो. मी निघालो त्याला 24 वर्षं झाली. तेव्हा मला जे कुणी सांगितलं नाही ते सांगतो.

सोशल सिक्युरिटी नंबर, बँक, लायसन्स ही कामं पहिल्या महिन्यातच उरका. इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्या. इथल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर रक्कम गेली, तर ते अमेरिकी सरकारला कळवावं लागतं. आईसोबतचं जोडखातंही त्यात आलं. पगार सुरू झाला की वावर घ्यायला धावू नका. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली ठेवता येते.

आता पेटीचं. तुमच्यापैकी कुणी पेटी, तबला, मृदंग नेत असेल, तर नीट ऐका.

माझे बाबा दंडारीत, म्हणजे आपल्याकडच्या लोकनाट्यात, पेटी वाजवायचे. सागवानाची पेटी, धान विकून घेतलेली. निघताना त्यांनी ती माझ्या हाती दिली. तिथल्या घरात जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येते. पेटीला थंडी लागू नये म्हणून मी ती त्या जाळीशेजारीच ठेवली. जानेवारीत एका रात्री खाडकन आवाज झाला. सकाळी भाता दाबला तर सूर लागेना, नुसती फुसफुस. वरच्या फळीला वीतभर चीर गेली होती. बाहेरच्या गोठलेल्या हवेत पाण्याचा अंश फार कमी असतो. तीच हवा घरात तापवली की आणखी कोरडी होते, आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते. आपल्याकडच्या हवेत मुरलेलं लाकूड तिथं आकसतं. हे मी कॉलेजात शिकलो होतो, तरी सुचलं नाही. "वाजवतोस ना रे?" बाबा फोनवर विचारायचे, आणि मी दोन वर्षं हो म्हणत राहिलो.

म्हणून सांगतो, पेटी हीटरपासून लांब, आतल्या भिंतीला ठेवा. खोलीत ह्युमिडिफायर लावा, आर्द्रता 40 ते 50 टक्के राहू द्या. मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते पहिल्याच आठवड्यात घ्या. कुकरच्या आधी घ्या. आणि पेटी रोज वाजवा. ग्रीन कार्ड झाल्यावर निवांत वाजवू म्हणणारे माझ्यासोबतचे चौघे होते. आपल्या लोकांना त्या कार्डासाठी दहा-दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं. चौघांचीही बोटं आता बसत नाहीत.

शिकागोचं महाराष्ट्र मंडळ 1969 पासूनचं आहे. तिथं पहिल्या दिवशी स्टेज मागू नका, खुर्च्या लावायला जा. मला माणसं तिथंच मिळाली, बायकोच्या बाळंतपणात डबे त्यांनीच आणले. 'पाणी'ला 'पानी' म्हणालात की पुण्यामुंबईचं कुणीतरी हसेल. माणसं वाईट नाहीत, त्यांनी आपली बोली ऐकलेली नाही, एवढंच. बोली बदलू नका. मी पाच वर्षं बदलून पाहिली आणि पोरीला आजीचं बोलणं समजेनासं झालं. पुढं आम्ही झाडीचं एक नाटक बसवलं, तेव्हा पोरीनं याच बोलीत काम केलं. फक्त वेळ सांभाळा. आपल्याकडे रात्री दहाच्या पुढं नाटक रंगतं आणि तांबडं फुटेस्तोवर माणूस हलत नाही. तिथं दहाला हॉल झाडून किल्ली द्यायची असते.

घरी फोनची वेळ ठरवा आणि मोडू नका. तिथं रविवारी सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात गावात रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथलं घड्याळ तासभर मागं येतं. आदल्या आठवड्यात आईला सांगून ठेवा, नाहीतर ती तासभर फोन धरून बसते.

बाबांची पेटी मी परत आणून वडशाला दुरुस्त करून घेतली. चीर दिसते, सूर चांगला लागतो. 5 जानेवारीपर्यंत मी गावात आहे. ज्याला पेटी न्यायची असेल त्यानं संध्याकाळी घरी यावं, बांधायची कशी ते करून दाखवतो. येताना जुनी गोधडी आणि सुती दोरी आणा.